गाडी थांबवायची कुठे?

मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री



रात्री गाडी घेऊन निघणाऱ्याला घरचे एकच बजावतात: वाटेत कुठे थांबू नकोस. पोलिसांच्या सूचनांतही तेच असते. काचेवर अंडे फुटले तर थांबू नका, वायपर लावू नका. ‘ऑइल गळतंय’ म्हणून मोटारसायकलवाल्याने हात केला तर थांबू नका. रस्त्यात कुणी आडवे पडलेले दिसले तरी थांबू नका, पुढे जाऊन फोन करा. हे सल्ले लोकांच्या अनुभवातून आलेले आहेत आणि घरातल्या मुलांना मीही तेच सांगते. पण रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाला कुठे ना कुठे थांबावेच लागते. डोळा लागायला लागतो, लघवीला जायचे असते, टायर बसतो, शहराची नो एंट्री सुटायची असते. महामार्गावर लुटले गेलेल्यांच्या हकिकती ऐकाल तर बहुतेक वेळा गाडी उभी होती, किंवा कुणीतरी ती उभी करायला लावली होती. गाडी कुठे उभी राहील हे चोर ठरवतो त्याच्या कितीतरी आधी रस्ता आखणाऱ्याने ठरवलेले असते. म्हणून हे पत्र मी पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

आमच्या घरी मालवाहतुकीचा धंदा आहे. निफाड तालुक्यातला कांदा आणि द्राक्षे, त्यामुळे गाड्या बहुतेक रात्रीच्याच. लासलगाव, पिंपळगावला दिवसा लिलाव होतात, संध्याकाळी गाडी भरते, ताडपत्री टाकून दोर आवळून होईपर्यंत नऊ-दहा वाजतात आणि वाशीच्या बाजारात माल पहाटे लागायला हवा असतो. रात्री निघण्याची ड्रायव्हरला हौस नसते, बाजाराची वेळच तशी आहे. त्यात मुंबई-ठाण्यात अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी. थोडे आधी पोचलात किंवा थोडा उशीर झाला की भिवंडीच्या आसपास जागा मिळेल तिथे गाडी लावायची आणि वाट बघत बसायची. जागा मिळेल तिथे म्हणजे सर्व्हिस रोडच्या कडेला, पुलाखाली, बंद गोदामाच्या भिंतीला लागून. गाडी कुठे उभी असणार, किती वेळ उभी असणार आणि आतला माणूस किती गाढ झोपलेला असणार, हे सगळे चोराला आधीच माहीत असते.

डिझेलची चोरी कशी होते ते आमच्याकडच्या एका जुन्या ड्रायव्हरने मला बसवून सांगितले. घरात आम्ही त्यांना काका म्हणतो. दिवे बंद केलेली पिकअप ट्रकच्या टाकीच्या बाजूला येऊन चिकटते. एक जण झाकणाचे कुलूप तोडतो, दुसरा जाड पाइप आत सोडतो. पाइपच्या दुसऱ्या टोकाला लहानसा पंप असतो. कॅन एकामागून एक भरत जातात. कुणी एक शब्द बोलत नाही. काकांना जाग आली ती वासाने. उशाशी असलेली खिडकी उघडी होती. त्यांनी मान बाहेर काढली तेव्हा खाली उभ्या असलेल्या माणसाने वर पाहिलेसुद्धा नाही. हातातला कोयता त्याने दाराच्या पत्र्यावर दोनदा वाजवला, इतकेच. काका परत आडवे झाले. शेजारी क्लीनर झोपला होता, पोरगेलासा. तो दचकून उठून ओरडेल म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवून ते पडून राहिले. पिकअप निघून गेल्यावर खाली उतरून पाहिले तर टाकीच्या तळाशी थोडेसे उरले होते.

मोठ्या ट्रकच्या टाकीत तीनशे-चारशे लिटर डिझेल बसते. त्यातले दोनशे लिटर गेले तरी आजच्या भावाने अठरा हजारांच्या आसपास रक्कम होते. कित्येक ड्रायव्हरांचा महिन्याचा पगार याच्या आगेमागेच असतो. अशा वेळी धंद्यात पहिला संशय ड्रायव्हरवरच येतो. डिझेल यानेच विकले आणि चोरीची गोष्ट रचली, असे म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. पगारातून रक्कम कापून घेणारेही पाहिले आहेत. रात्री मानेवर कोयता आणि सकाळी मालकासमोर आरोपी, हे दोन्ही ड्रायव्हरच्याच वाट्याला येते.

काका सकाळी जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. हद्द आमची नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठाण्यात विचारले गेले की गाडी पुढे न्यायची आहे की पंचनाम्यासाठी इथे ठेवायची. कांदा भरलेली गाडी ठाण्याच्या आवारात उन्हात उभी राहिली तर मालाचे काय होते हे काकांना चांगले ठाऊक होते. ते निघाले. त्या रात्री त्या जागी काही घडले असे आज कुठल्याच कागदावर नाही. महामार्गावरच्या गुन्ह्यांचे आकडे आपल्यासमोर येत असतील तेव्हा एवढे लक्षात असू द्या, की न नोंदलेल्या अशा किती रात्री त्यांच्या बाहेर राहिल्या आहेत हे त्या आकड्यांवरून कधीच कळणार नाही.

ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करण्याचा आग्रह आपण धरलात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांना तो नियम लागू आहे. ड्रायव्हर माणूस आहे, ही गोष्ट इतक्या उघडपणे मांडणारे मंत्री फार झाले नाहीत आणि त्याबद्दल आमच्या घरात आपल्याविषयी आदर आहे. या नियमाचा चोरीशीही संबंध आहे, तो मात्र फारसा बोलला जात नाही. उन्हाळ्यात केबिनची काच लावून झोपणे अशक्य असते म्हणून खिडकी उघडी राहते. उघड्या खिडकीतून आधी मोबाइल जातो, मग शर्टाच्या खिशातले पैसे, आणि कधी कधी आतून दार उघडले जाते. थंड केबिन म्हणजे बंद काच, आणि बंद काच म्हणजे अर्धी सुरक्षितता. अडचण पुढे आहे. गाडी उभी असताना ती यंत्रणा चालवायची तर इंजिन चालू ठेवावे लागते. रात्रभर इंजिन चालू ठेवायला कुठला मालक परवानगी देईल? म्हणजे गाडी चालताना गारवा आणि झोपताना पुन्हा उघडी खिडकी. ज्या वेळी ड्रायव्हरला सर्वात जास्त धोका असतो नेमक्या त्याच वेळी आपला नियम त्याच्या उपयोगाला येत नाही. त्यासाठी केबिनच्या पलीकडचे काहीतरी लागेल: भिंत, दिवा आणि फाटकावर जागा असलेला माणूस.

थांबण्याइतकेच धोक्याचे दुसरे ठिकाण म्हणजे चढण. कसारा, खंबाटकी, कुठलाही घाट घ्या. भरलेली गाडी चढणीला माणसाच्या चालीने चढते. मागून मोटारसायकल किंवा छोटी गाडी येते, एक जण फाळक्याला पकडून वर चढतो, ताडपत्री फाडतो, दोर कापतो आणि नग खाली टाकत जातो. ड्रायव्हरच्या दोन्ही आरशांत नेमकी पाठीमागची जागाच दिसत नाही. माल उतरवताना नग कमी भरले की तेव्हा कळते, आणि तेव्हा घाट दोनशे किलोमीटर मागे राहिलेला असतो. म्हणून जुने ड्रायव्हर अशा टप्प्यात जोडीने गाड्या काढतात. पुढच्याच्या फाळक्यावर मागच्याच्या दिव्यांचा उजेड राहतो. धुळे-सोलापूर महामार्गावर रात्री जाणारे तर ढाब्यावर सोबत मिळेपर्यंत बसून राहतात, मग माल उशिरा पोचला तरी चालेल.

त्याच रस्त्यावर एक बोलणे नेहमी कानावर पडते. अमुक वस्ती आली, तमुक समाजाचे लोक आहेत, सांभाळा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी शिक्का काही पुसला गेला नाही. चोरी करणाऱ्या टोळीत कोण आहे हे तपासाने ठरले पाहिजे. जन्मावरून ठरवणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच उभी राहणार नाही, आमचा माल गेला तरीही. आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी वस्तीला दोष देऊन घाटात एक दिवासुद्धा वाढत नाही.

मोटारीतून जाणाऱ्यांचे दुःख वेगळे आहे, पण मूळ तेच. जुलै २०१६ मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहरजवळ रात्री एका कुटुंबाच्या मोटारीवर लोखंडी वस्तू आपटली. काय झाले ते पाहायला गाडी थांबली आणि पुढे जे घडले त्याने देश हादरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ टोलनाक्याच्या बाजूला स्कूटर लावून गेलेल्या एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरच्या चाकाची हवा मुद्दाम काढण्यात आली आणि मदतीला म्हणून तेच लोक पुढे आले. दोन्ही ठिकाणी गुन्हेगाराने पहिले काम काय केले? गाडी निरुपयोगी केली किंवा थांबायला लावली. ती दुसरी घटना तर टोलनाक्यापासून हाकेच्या अंतरावर सुरू झाली. नाक्याजवळ ट्रक उभे राहतात, दुचाक्या उभ्या राहतात, पण ती कुणाची जागा, तिथे लक्ष कुणी ठेवायचे, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

माझी भाची पुणे-नाशिक रस्त्याने स्वतः गाडी चालवत येते. तिने मला एक गोष्ट सांगितली ती मी जशीच्या तशी लिहिते. ती निघण्याआधी दुपारपासून पाणी पीत नाही. वाटेत स्वच्छ आणि उजेडातले स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, आणि अंधारात गाडी थांबवून उतरायची तिची तयारी नाही. बाईचे सुरक्षित राहणे असे तहानेवर येऊन ठेपले आहे. सहकुटुंब जाणाऱ्या मोटारीही रात्री आडबाजूला थांबतात त्या बहुतेक याच कारणाने, आणि दागिने ओरबाडल्याच्या तक्रारींच्या मुळाशी कितीदा तरी एवढीच साधी गरज असते.

आम्ही आमच्या परीने काळजी घेत नाही असे नाही. आमच्या ड्रायव्हरांना आम्ही सांगून ठेवले आहे की कुणी टायरकडे किंवा बोनेटकडे बोट दाखवले तर मान हलवायची, वेग थोडा कमी करायचा आणि पुढच्या पंपावर जाऊनच बघायचे. चाक खराब झाले तरी चालेल, नवीन घेता येते. शर्टाच्या खिशात थोडे पैसे आणि एक जुना मोबाइल वेगळा ठेवायचा. कुणी हत्यार दाखवले तर ते देऊन टाकायचे, हुज्जत घालायची नाही. साध्या कपड्यातल्या माणसाने ‘आरटीओ’ किंवा ‘क्राइम ब्रँच’ म्हणून गाडी अडवली तर दार न उघडता ओळखपत्र मागायचे आणि जवळच्या ठाण्यात चला म्हणायचे. खरा पोलीस त्याला नाही म्हणत नाही. गाडीची कागदपत्रे आता मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर चालतात, त्यामुळे मूळ कागद हातात देण्याचे कारणच उरत नाही. मोटार असेल तर बॅग, लॅपटॉप, पर्स निघतानाच डिकीत टाकायची. पोचल्यावर लोकांसमोर डिकीत टाकली तर ती कुठे आहे हे आपणच दाखवून दिल्यासारखे होते. बँकेतून रोकड काढली की दुचाकीच्या डिकीत ठेवून रसवंतीवर थांबायचे नाही. अंगावर घाण पडली आहे किंवा तुमचे पैसे पडले आहेत असे कुणी सांगितले तर आधी हात पिशवीवर गेला पाहिजे. आमच्या भागात द्राक्षाचे, कांद्याचे पैसे अशाच पद्धतीने गेलेले आहेत. वर्षभराची मेहनत, एका मिनिटात.

इतके सगळे शिकवूनही एका प्रश्नापुढे मी गप्प होते. रस्त्यात माणूस पडलेला दिसला तर काय करायचे?

आपल्या मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला किती मोल आहे हे आपण अनेक व्यासपीठांवर सांगितले आहे. मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला ‘राहवीर’ म्हणून पंचवीस हजार रुपये देण्याची योजना आली. हे सगळे चांगले आहे. पण रात्री दोन वाजता, निर्जन रस्त्यावर, आडव्या पडलेल्या मोटारसायकलीजवळ एक माणूस हात हलवतो आहे. तो जखमी आहे की झुडपात त्याचे चार साथीदार दबा धरून आहेत, हे ड्रायव्हरने दोन सेकंदांत ठरवायचे असते. कायद्याने त्याला पोलिसांच्या चौकशीपासून संरक्षण दिले, कोयत्यापासून दिलेले नाही. काका म्हणतात, ‘पूर्वी आम्ही थांबायचो. आता मन थांबा म्हणतं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही.’ असे सोंग घेऊन झालेल्या प्रत्येक लुटीनंतर पुढच्या खऱ्या जखमीजवळून कितीतरी गाड्या न थांबता जातात. महामार्गावरच्या गुन्ह्यांची किंमत लुटल्या गेलेल्या मालात मोजली जाते. रस्त्याच्या कडेला मदतीची वाट बघत रक्त वाहून मेलेल्या माणसाचा त्या हिशोबात कुठेच उल्लेख नसतो. मला विचाराल तर रस्त्यावरच्या चोऱ्यांचा बंदोबस्त करण्याचे सर्वात मोठे कारण हेच आहे.

आमच्या ड्रायव्हरांना मी सध्या मधला मार्ग सांगते. गाडी थांबवू नका, पण निघूनही जाऊ नका. दार-काचा बंद ठेवून हळू करा, दिवे पूर्ण टाका, नीट बघा, मागून दुसरी गाडी येत असेल तर तिला डिपर देऊन सोबत घ्या. दोन गाड्या असल्या की थांबायचा धीर येतो. एकटे असाल तर उजेडापर्यंत पुढे जा आणि ११२ वर किंवा महामार्गाच्या मदतीसाठीच्या १०३३ वर फोन करा. फोन करताना पहिला प्रश्न येतो, तुम्ही कुठे आहात? रात्री हे सांगता येत नाही. किलोमीटरचा दगड गवतात बुडालेला असतो, नाहीतर त्यावरचे आकडे गेलेले असतात. ‘अमुक ढाब्याच्या पुढे, तमुक पुलाच्या अलीकडे’ असे सांगता सांगता दहा मिनिटे जातात. दुभाजकावर लांबून वाचता येतील असे, रात्री चमकणारे किलोमीटरचे फलक दर थोड्या अंतरावर लावले तर जखमीही लवकर सापडेल आणि पळणारा चोरही. या कामाला ना जमीन संपादन लागते ना न्यायालयाची परवानगी.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मी आत्ताच लिहायला घेतले तिच्याकडे येते. आपण टोलनाके काढून टाकण्याच्या दिशेने निघाला आहात. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा रांगा कमी झाल्या आणि एक फायदा न मागता मिळाला. ड्रायव्हरला टोलसाठी गड्डी बाळगावी लागेनाशी झाली. लुटणाऱ्याला ती गड्डी चांगली माहीत होती. पुढची पायरी म्हणजे अडथळ्याविना टोल, गाडी न थांबता कॅमेरे आणि फास्टॅग यांवरून पैसे कापले जातील. वेळ वाचेल, डिझेल वाचेल, मी त्याच्या विरोधात नाही. पण रात्रीच्या महामार्गावर नाका म्हणजे काय असते ते नाक्याच्या ठेकेदारापेक्षा ड्रायव्हरला विचारा. मैलोन्‌मैल अंधारानंतर दिसणारा पांढरा उजेड, जागी माणसे, कॅमेरे, ॲम्ब्युलन्स, क्रेन, गस्तीची गाडी, स्वच्छतागृह. मागे कुणी लागले आहे असा संशय आला की आमचे लोक नाका गाठेपर्यंत पाय उचलत नाहीत. नाक्याच्या पुढे कडेला गाडी लावून दोन तास झोपणारे शेकड्यांनी आहेत, कारण तिथे उजेड आहे. पैसे गोळा करण्यासाठी बांधलेली ती जागा नकळत रात्रीचा आसरा झाली. नाके गेले की हा आसराही जाणार आणि त्याच्या बदल्यात काय, हे अजून कुणी सांगितलेले नाही.

त्या जागा मोडू नका, एवढे मागणे आहे. नाक्यासाठी रस्ता आधीच रुंद केलेला आहे, जमीन सरकारच्या ताब्यात आहे, वीज आलेली आहे, पाणी आलेले आहे. बूथ काढा, छत काढा, पण बाजूची जागा ट्रकच्या मुक्कामासाठी ठेवा. कुंपण, उंच दिवे, आत येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपणारे एक फाटक आणि रात्रपाळीचा माणूस, एवढे पुरेसे आहे. गस्तीची गाडी आणि ॲम्ब्युलन्स तिथेच राहू द्या. बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह असावे आणि त्याचा रस्ता ट्रकांच्या मधून जाऊ नये. थांबण्यासाठी थोडे भाडे घ्या हवे तर. दोनशे लिटर डिझेल गमावण्यापेक्षा शंभर रुपये देणे मालकाला परवडते. ड्रायव्हरने ते स्वतःच्या खिशातून देऊ नये म्हणून पावती मात्र मिळायला हवी.

आपण म्हणाल, ‘हमसफर’ धोरण ऑक्टोबर २०२४ मध्ये आणले, महामार्गांच्या कडेला सुविधा केंद्रे उभी राहत आहेत, पंपांवर झोपण्याची सोय होते आहे. होते आहे, हे खरे. ज्या ठिकाणी ती झाली तिथे थांबलेले ड्रायव्हर तिचे कौतुकही करतात. तरी मोठ्या हॉटेलांच्या आवारात पाहा. पुढच्या बाजूला मोटारींसाठी फरशी आणि झगमगाट, मागच्या बाजूला ट्रकसाठी खडी आणि अंधार. जिथे चार जेवणांचे बिल होते तिथे उजेड जातो. ट्रकवाला डबा खाऊन झोपणारा, त्याच्यापासून कुणाला काय मिळणार? म्हणून ट्रकचा मुक्काम खासगी हॉटेलाच्या मर्जीवर न सोडता रस्त्याच्या कंत्राटातच धरला पाहिजे, जसा दुभाजक धरला जातो, पूल धरला जातो. आपल्याकडे ही समज नवी नाही. अहिल्याबाई होळकरांनी यात्रेच्या वाटांवर धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या, कारण चालणाऱ्याला रात्र कुठे काढायची हा प्रश्न वाटेइतकाच महत्त्वाचा आहे हे त्यांना कळत होते. १९९० च्या दशकात राज्यात बांधकाम खाते सांभाळताना आपण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग उभा करायला घेतलात. त्यामुळे कागदावरचा रस्ता आणि लोकांच्या वापरातला रस्ता यांतला फरक आपल्याला मी सांगायला नको.

कायदा-सुव्यवस्था राज्याच्या अखत्यारीत आहे हे मला माहीत आहे. तरीही एक गोष्ट आपल्या शब्दाने हलेल असे वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ मध्ये जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. तीच महामार्गावर, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झाली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत वाढते. ही तरतूद नवी नाही, १८६० च्या दंड संहितेतून ती चालत आली आहे. रात्रीच्या वाटसरूवर हात टाकणे हा जास्त गंभीर गुन्हा आहे, हे कायद्याला इतक्या वर्षांपूर्वी कळले होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, तीन दिवसांत सही केली की झाले. काकांना हे त्या सकाळी माहीत असते तर? माहीत असूनही समोरच्याने नाही म्हटले असते तर ते काय करणार होते, हेही आहेच. म्हणून १०३३ वर आलेली चोरीची किंवा लुटीची प्रत्येक तक्रार, वेळ आणि किलोमीटरसकट, थेट त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे जावी आणि तिचा क्रमांक ड्रायव्हरच्या मोबाइलवर यावा, अशी व्यवस्था आपले मंत्रालय राज्यांशी बोलून करू शकते. तो क्रमांक दाखवला तर मालक ड्रायव्हरवर चोरीचा आळ घेणार नाही. ड्रायव्हरच्या दृष्टीने चोर सापडण्याइतकेच हेही मोठे आहे. शिवाय कुठल्या किलोमीटरवर पुन्हा पुन्हा तक्रारी येतात याचा नकाशा आपोआप तयार होईल. अपघातप्रवण ठिकाणे शोधून दुरुस्त करण्याची पद्धत आपल्या खात्यात आहे. लुटीच्या ठिकाणांसाठी तीच पद्धत वापरायला काय हरकत आहे?

द्रुतगती मार्गावर आता वेगमर्यादा ओलांडली की कॅमेरा नंबर टिपतो आणि चलान घरी येते. अशी यंत्रणा जिथे जिथे आहे तिथे गाडी रात्री नको त्या ठिकाणी तासभर उभी आहे, किंवा दिवे बंद ठेवून पुढे-मागे फिरते आहे, हे पाहणारा एक माणूस नियंत्रण कक्षात नेमा. दंड वसूल करण्यासाठी आम्ही कॅमेऱ्याला दिसतो. लुटले जात असतानाही दिसलो पाहिजे.

कुठून सुरुवात करावी असे विचाराल तर मुंबई-नाशिक रस्त्यावर भिवंडीच्या अलीकडे एक, कसाऱ्याच्या पायथ्याशी एक, धुळे-सोलापूर मार्गावर दोन आणि पुणे-बंगळूर मार्गावर खंबाटकीच्या दोन्ही बाजूंना एकेक अशा जागा आमचे ड्रायव्हर कागदावर काढून द्यायला तयार आहेत. आपले अधिकारी पाठवा, दिवसा नको, रात्री बारानंतर. काका त्यांना गाडीत बसवून दाखवतील. अडथळ्याविना टोलच्या निविदा निघत आहेत. जुन्या नाक्याची जागा मुक्कामासाठी राखून ठेवण्याचे कलम त्यात आत्ताच घातले तर पुढे कुणाला नव्याने जमीन शोधत बसावी लागणार नाही.

आपली,
निफाड तालुक्यातील एका मालवाहतूकदार घरातली लेखिका